घरट्यांची छायाचित्रे नकोत, रानात थांबायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा शासनाने २०२० पासून पक्ष्यांसाठी राखला. त्या दिवसांत वृत्तपत्रे पक्ष्यांना भरभरून जागा देतात, याचा आम्हाला आनंद आहे. पण छापून येणाऱ्या छायाचित्रांत घरट्यावरची छायाचित्रे फार असतात. ढोलीच्या फटीशी आलेली धनेशाची चोच, बिळाच्या तोंडाशी चोचीत सापसुरळी धरून बसलेला तिबोटी खंड्या, अंड्यावर बसलेला बेडूकमुखी. खाली गावाचे नाव, कधी ओढ्याचेही. आमची विनंती आहे की ही छायाचित्रे छापू नयेत. सह्याद्रीच्या रानात स्थानिक आणि पाहुणे पक्षी घरट्याजवळ न जाताही उत्तम पाहता येतात. ते कसे, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून पत्र थोडे लांबवत आहोत.

आधी कायद्याचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही मोडते. बंदूक उचलावी लागत नाही. घरट्यासमोरची फांदी कापून कॅमेऱ्याला वाट करून देणारा माणूस या व्याख्येच्या आत येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिबोटी खंड्याचे उदाहरण घेऊ. तो रायगडचा जिल्हा पक्षी. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यालगतच्या मातीच्या उभ्या कडेत बीळ करून वीण करतो. बीळ रस्त्याच्या कडेला असल्याने सापडायला सोपे, आणि पक्षी इतका रंगीत की एकाने पाहिले की दहाजण पोहोचतात. आता पक्ष्याकडे नीट पाहा. खंड्याने भक्ष्य स्वतःसाठी धरले असेल तर भक्ष्याचे डोके घशाच्या दिशेने असते. पिल्लासाठी धरले असेल तर डोके बाहेरच्या बाजूला, म्हणजे पिल्लाला ते सरळ गिळता यावे. असे डोके बाहेर काढलेले भक्ष्य चोचीत घेऊन पक्षी फांदीवर बसून राहिला, मान वरखाली करू लागला, उडून परत त्याच फांदीवर आला, तर समजावे की त्याच्या आणि बिळाच्या मध्ये आपण उभे आहोत. छायाचित्रकाराला ही उत्तम ‘पोझ’ वाटते. प्रत्यक्षात आत पिल्ले उपाशी असतात. पावसाची मोठी सर आली की शिकार मिळत नाही, त्यामुळे दोन सरींमधला उघडीपीचा वेळच त्या कुटुंबाच्या जेवणाचा असतो, आणि माणसे नेमकी त्याच वेळी तिथे उभी राहतात. समोरची पाने-फांद्या तोडल्या तर पुढचे नुकसान माणसे निघून गेल्यावर होते. आडोसा गेलेले बीळ साप, मुंगूस, घोरपड यांना सहज सापडते आणि कडेवरची माती पावसाने धुपते.

धनेशाचे गणित आणखी कठीण. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट उरते. जातीनुसार दोन ते चार महिने ती आत असते, आणि याच काळात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. म्हणजे संकट आले तरी तिला उडून जाता येत नाही. तिचे आणि पिल्लांचे सगळे पोषण एकट्या नरावर. तो घशात फळे साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. झाडाखाली माणसे दिसली की तो लांबच्या झाडावर थांबतो आणि वाट पाहून निघून जातो. मोठ्या, जुन्या, ढोली असलेल्या झाडांची मुळातच टंचाई आहे. एक जागा सोडावी लागली तर दुसरी मिळेलच असे नाही. म्हणून धनेशाच्या घरट्याचा पत्ता कोणालाही सांगू नये, मित्रालाही नाही. तो मित्र विश्वासू असतो, पण त्याचाही एक मित्र असतो.

श्रीलंकन बेडूकमुखीची फसगत वेगळ्याच प्रकारची आहे. दक्षिण कोकण आणि आंबोली-तिळारीच्या रानात हा निशाचर पक्षी दिवसा जोडीने एखाद्या बारीक फांदीवर, बहुधा माणसाच्या आवाक्यातल्या उंचीवर बसून असतो. जवळ गेले तरी उडत नाही. तेव्हा लोक म्हणतात, “त्याला आपली सवय झाली आहे.” नीट पाहिले तर तो चोच वर करून, अंग ताठ ताणून, डोळे बारीक चिरेसारखे करून बसलेला असतो. ही त्याची घाबरल्याची अवस्था आहे. मोडक्या फांदीसारखे दिसणे एवढाच बचाव त्याच्याकडे आहे आणि तो शेवटपर्यंत तोच वापरतो. विणीत मादी एकच अंडे घालते आणि दिवसा ते उबवायला नर बसतो. त्याला उठवले की अंडे उघड्यावर, आणि फांदीवरचे ते घरटे इतके लहान असते की घाईच्या उड्डाणात अंडे खाली पडू शकते.

आता ध्वनिमुद्रण वाजवण्याविषयी. मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन पक्ष्याला त्याच्याच आवाजाने बोलावणे सर्रास झाले आहे. त्या आवाजाचा पक्ष्यासाठी अर्थ एकच: आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणे सोडतो, घरटे सोडतो, आडोसा सोडून उघड्या फांदीवर येतो आणि न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहतो. सुट्टीच्या दिवशी एकाच वाटेवर पाच गटांनी हे केले तर त्याची सगळी सकाळ त्यात जाते. पुढे तो उत्तर देणेच बंद करतो आणि त्याच्या खऱ्या शेजाऱ्यालाही हद्द मोकळी वाटू लागते. “हिवाळ्यात वीण नसते, मग काय बिघडते?” असे विचारले जाते. पण हिरवट वटवट्यासारखा, वजनाने जेमतेम ७-८ ग्रॅमचा पाहुणाही आपल्याकडे येऊन हिवाळाभर स्वतःची हद्द राखतो. तो दिवसभर ‘चिस्वीट, चिस्वीट’ करतो ते त्यासाठीच. इतक्या लहान जिवाला दिवसभर किडे टिपत राहावे लागते, तेव्हा कुठे परतीच्या प्रवासाची चरबी अंगावर चढते.

मग पक्षी दिसायचे कसे? सदाहरित आणि निमसदाहरित रानात नवख्या माणसाची तक्रार ठरलेली असते: आवाज शंभर, दिसत काहीच नाही. याचे कारण बहुतेक वेळा चालण्यात असते. गवताळ माळावर किंवा पाणथळीवर पक्षी लांबून दिसतात, म्हणून तिथे हिंडावे. गर्द रानात नजर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे जात नाही. आपण पाचोळा तुडवत पुढे सरकतो तेवढ्यात पुढचे पक्षी गप्प होतात. तासाला एक किलोमीटर हा वेग पुरे, त्याहून कमी चालेल. दर पन्नास-साठ पावलांवर दहा मिनिटे उभे राहावे. पहिली तीन-चार मिनिटे काही हलत नाही. मग रान पूर्ववत होते. वाटेवर एका गटात चार-पाचांहून जास्त माणसे नकोत, कारण अरुंद पायवाटेवर सहाव्या माणसाला फक्त पाचव्याची पाठ दिसते.

दाट रानात उजेड उशिरा उतरतो. उजाडल्या उजाडल्या आवाज ऐकावेत, पण पाहण्याची खरी वेळ ऊन पहिल्यांदा झाडांच्या शेंड्यांना लागते तेव्हाची. रात्रीच्या दवाने गारठलेले किडे त्या उन्हात हलू लागतात आणि पक्षीही तिथेच गोळा होतात. म्हणून पूर्वेकडे उतरणाऱ्या उताराची, रस्त्याने किंवा ओढ्याने मोकळी झालेली कड गाठावी आणि सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे. हिवाळ्यात साधारण सात ते दहा हा वेळ सोन्याचा. दहानंतर नजर आभाळाकडे वळवावी. उन्हाने हवा वर चढू लागली की सर्पगरुड घिरट्या घेत ओरडू लागतो, आणि काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, अगदी संथ तरंगत घरटी धुंडाळतो. त्याचा तो मंदपणाच ओळख पटवतो.

रानाचे मजले डोळ्यांसमोर ठेवले तर शोध सोपा होतो. जमिनीवर पाचोळा उलटण्याचा आवाज आला तर चकोत्री, रानकोंबडा, पाचू कवडा किंवा कस्तूर. झुडपांत फुलवेटा आणि सातभाई. मधल्या मजल्यावर नीलमणी, माशीमार आणि मलबार ट्रोगन. वरच्या पानोऱ्यात निखार, हरेवा, तांबट. ट्रोगनबद्दल एक सूचना: नराची पाठ तपकिरी आणि पोट लालभडक. माणूस दिसला की तो पाठ फिरवून निश्चल बसतो, म्हणून लाल रंग शोधणाऱ्याला तो दिसत नाही. फांदीवर उभी बसलेली तपकिरी, लांब शेपटीची, न हलणारी आकृती शोधावी आणि सापडली की आपणही हलू नये. काही मिनिटांनी तो किडा पकडायला उडतो आणि परतताना पोट दिसते.

या रानातला सगळ्यांत मोठा खजिना म्हणजे मिश्र थवा. वीण संपली की जोड्या आपापल्या हद्दी सैल करतात, निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरून खातात आणि ऑक्टोबरपासून त्यांत उत्तरेकडचे पाहुणे मिसळतात. अर्धा तास रान ओस असते आणि मग अचानक चहूकडे हालचाल सुरू होते, ती याच कारणाने. थव्याचा सुगावा बहुधा दोघांमुळे लागतो: खालून फुलवेट्यांची अखंड किणकिण आणि वरून भृंगराज कोतवालाची खणखणीत शीळ. इतर पक्ष्यांच्या हालचालीने उडालेले किडे कोतवालाला मिळतात आणि ससाण्या-शिक्र्याची वर्दी इतरांना कोतवालाकडून मिळते. कधी तो खोटी वर्दी देऊन दुसऱ्याच्या तोंडचा घासही पळवतो, तरी त्याची सोबत सोडायला कोणी तयार नसते. थवा समोरून जायला पाच-दहा मिनिटे लागतात. चूक अशी होते की पहिल्याच निखाराच्या लाल रंगावर दुर्बीण खिळते आणि तोवर बाकीचे निघून जातात. आधी नुसत्या डोळ्यांनी थव्याची दिशा ठरवा. मग थोडे पुढे उघडी फांदी हेरा आणि एकेक पक्षी तिथे येऊ द्या. खोडावर पाहा: मखमली शिलींध्री डोके खाली करून उतरत असते, सोनपाठी सुतार वर चढत असतो. शेंड्याला वटवटे, मध्ये नीलमणी आणि पिवळ्या भुवयांचा बुलबुल. शेवटचा पक्षी गेला असे वाटल्यावरही दोन मिनिटे थांबावे, रेंगाळणारे मागून येतात. पाठलाग मात्र करू नये. वाट सोडून झुडपांत शिरले की थवा वर सरकतो आणि पाहण्यासारखे काही उरत नाही.

थव्याच्या खालोखाल फळलेले झाड. उंबर, नांदरूक, पायर, वड यांपैकी एक झाड पिकले की तिथे दोन तास बसणे हे दिवसभराच्या पायपिटीपेक्षा फलदायी ठरते. तीस-चाळीस मीटर लांब, सावलीत, पाठीला खोड घेऊन बसावे. धनेश, हरियाल आणि तांबट शेंड्याकडे, बुलबुल कडेच्या फांद्यांवर, आणि खाली सांडलेल्या फळांवर पाचू कवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, सावर, पळस फुलले की हेच काम फुलांवर करावे. मधासाठी शिंजीर, हरेवा, कोतवाल, मैना सगळे येतात. झाड निवडताना एक तपासावे की त्यात कोणाची ढोली नाही.

कोण कधी येतो, याचा अंदाज असला की निम्मे काम होते. ऑगस्टच्या अखेरीपासून ओढ्यांवर आणि ओल्या घाटरस्त्यांवर करडा धोबी उतरतो. पाहुण्यांत बहुधा तो पहिला. सप्टेंबर-ऑक्टोबरात वटवटे आणि माशीमार येतात, आणि हिमालयातून उतरणारा नीलांग उंच, निष्पर्ण फांदीच्या टोकावर बसू लागतो. निळ्या डोक्याचा कस्तूर मात्र सावलीतल्या खालच्या फांदीवर बसून जमिनीवर झेप घेतो, म्हणून मोकळ्या तळाचे रान पाहावे. नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे सह्याद्रीवरून जातात. ईशान्य आशियातून निघून अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाणारे हे वाटसरू लोणावळ्याच्या परिसरात उडते किडे खाताना दिसतात, पण मुक्काम थोडाच. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेचे पाहुणे पांगतात. मग पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो, मेच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून नवरंग विणीसाठी पोहोचतो, पावसाबरोबर चातक, आणि ओढ्यांवर शीळकरी कस्तूराची माणसासारखी शीळ घुमू लागते. नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दुस्वरी शिटी घालतो. त्या अर्ध्या तासात दिशा धरून ठेवावी आणि उजेडात तिथला पाचोळा लांबून दुर्बिणीने न्याहाळावा. स्पीकरची गरज पडत नाही.

जागेचाही विचार हवा. महाबळेश्वरच्या माथ्यावरचे रान वारा आणि उथळ मातीमुळे खुजे आहे. जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या पानोऱ्यातले पक्षी तिथे जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतात. नवख्यांनी सुरुवात तिथून करावी. आंबोलीसारख्या, सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या रानात झाडे उंच आहेत, तिथे घाटरस्त्याच्या वळणावरून खालच्या झाडांच्या शेंड्यांकडे पाहावे, मानही अवघडत नाही. कोयना आणि राधानगरी अभयारण्यांत आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात परवानगी आणि वनखात्याने ठरवलेली वाट, दोन्ही आवश्यक. गावालगतच्या देवराया विसरू नयेत. जुनी ढोलीची झाडे तिथेच टिकली आहेत, आणि म्हणूनच तिथे आवाज आणखी कमी हवा.

ओळख पटवताना काही गोंधळ हमखास होतात. धनेशाच्या चोचीवर टोकदार शिंग असेल तर तो साधा राखी धनेश, आणि शिंग नसून खदखदा हसल्यासारखा आवाज असेल तर मलबार राखी धनेश. काळ्यापांढऱ्या मोठ्या धनेशांत मान पिवळसर आणि पांढऱ्या शेपटीवर काळा पट्टा असेल तर महाधनेश, मान काळी आणि शेपटीच्या फक्त कडा पांढऱ्या असतील तर मलबार कवड्या धनेश. भृंगराजाची शेपटीच्या टोकाची पिसे झडलेली असतात तेव्हा तो साधा कोतवाल वाटतो, अशा वेळी कपाळावरचा तुरा पाहावा. रानाच्या शेंड्यावरचा राखट, लाल डोळ्यांचा कोतवाल हिवाळी पाहुणा राखी कोतवाल होय. वटवट्यांत डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा असेल तर पश्चिमी मुकुटधारी वटवट्या, पट्टा नसून पंखावर एक बारीक रेघ असेल तर बहुधा हिरवट वटवट्या. रेघ दिसली नाही तर ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहून मोकळे व्हावे. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगाची.

आवाज ऐकून नाव सुचवणारे मर्लिनसारखे अ‍ॅप आता सगळ्यांच्या हातात आहे. शिकण्यासाठी ते चांगले, पण नोंदीसाठी त्याच्यावर विसंबू नये. भृंगराज इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. त्यामुळे एकाच झाडावरून सर्पगरुड, शिक्रा आणि हळद्या अशी नावे पडद्यावर उमटली तर झाडावर भृंगराज आहे का, हे आधी पाहावे. शेकरूची खडखडीत हाळीही नवख्यांना पक्ष्याचीच वाटते. आमचा सल्ला असा की आधी कायम राहणाऱ्या दहा पक्ष्यांचे आवाज पक्के करावेत: शिपाई बुलबुल, पांढऱ्या गालाचा तांबट, भृंगराज, सातभाई, टिकेलचा निळा माशीमार, नाचण, हळद्या, शीळकरी कस्तूर, पिवळ्या भुवयांचा बुलबुल, निखार. हे कानात बसले की अकरावा, अनोळखी आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो. बुलबुल आणि नाचण एका जागी घोळका करून चिडचिडत असतील तर मध्ये बहुधा घुबड किंवा साप असतो. लांबूनच पाहावे.

दुर्बीण घेताना रानासाठी ८×४२ घ्यावी, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे असलेली. मागच्या भिंगातून डोळ्याला मिळणारा प्रकाशाचा गोल हा पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठे करण्याची शक्ती एवढा असतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, खिशातल्या १०×२५ मध्ये अडीच. सावलीच्या रानात हा फरक लगेच जाणवतो, शिवाय दहा पटीला हात थरथरतो आणि दृश्याचा आवाकाही कमी होतो. एकदा डोळ्यांच्या फरकाची जुळणी करून घ्यावी: उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करावे, मग डावे झाकून फक्त उजव्या नेत्रिकेचे (डोळ्याला लागणाऱ्या भिंगाचे) कडे फिरवावे आणि तो आकडा लक्षात ठेवावा. चष्मा असेल तर नेत्रिकेच्या रबरी कडा आत दाबाव्यात. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. खाली पाहून दुर्बीण शोधली की पक्षी हरवतो. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते आणि ती काढणे खर्चिक असते, म्हणून घरी आल्यावर दुर्बीण पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी.

पाहिलेले लिहून ठेवावे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना सुरुवातीची वेळ, किती मिनिटे, किती अंतर हे द्यावे, आणि दिसलेल्या व ऐकलेल्या सर्व जाती संख्येसह लिहाव्यात. पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या छोट्या याद्या जास्त उपयोगी पडतात, कारण दिवसभराच्या एकाच यादीत पक्षी नेमका कुठे होता ते हरवते. बुलबुल वगळून फक्त दुर्मिळ पक्षी लिहिणारी यादी अभ्यासाला निरुपयोगी ठरते. २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने अत्यंत निकडीच्या ठरल्या. तो अहवाल अशाच सामान्य माणसांच्या नोंदींवर उभा आहे. घरटे दिसले तर मात्र नेमकी जागा सार्वजनिक करू नये.

आपल्या वृत्तपत्राकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. घरट्यावरचे, अंड्यांचे, पिल्ले भरवतानाचे छायाचित्र, मग ते कितीही सुंदर असो, स्वीकारू नये आणि छायाचित्र स्पर्धांच्या नियमांतही तसे छापावे. धनेश, बेडूकमुखी, तिबोटी खंड्या, घुबडे यांच्या इतर छायाचित्रांखाली फक्त जिल्हा आणि महिना द्यावा. आणि पक्षी सप्ताहात एखादा स्तंभ मिश्र थव्याला किंवा फळलेल्या उंबराला मिळावा. त्यासाठी लागणारा मजकूर आणि घरट्यापासून दूर काढलेली छायाचित्रे आम्ही विनामूल्य देऊ.

कळावे,
आपले,
सह्याद्रीत नियमित पक्षीनिरीक्षण करणारे काही वाचक

ता. क. : सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात, विशेषतः दोडामार्ग-बांदा पट्ट्यात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडींमुळे होतो आणि त्यांचा जोर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका पक्षी पाहण्याच्या हंगामात असतो. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, आरोग्य केंद्राने सुचवलेले गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. फळलेल्या झाडाखाली बसताना थेट पाचोळ्यावर न बसता घडीची खुर्ची किंवा दगड वापरावा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि काखा, जांघा, कानामागे तपासावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, आणि रानातून परतल्यानंतरच्या दिवसांत ताप आल्यास रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.